बियाला ठेवलेली फुलं

मथुरे, तुझ्या बाराव्याला फोटोपुढे ठेवलेला गुच्छ सगळ्यांनी वळून वळून पाहिला. त्यातलं एकूण एक फूल तू बियाला ठेवलेलं होतं. मी कापलं. चुकून नाही, जाणूनबुजून. सकाळी सहाला कात्री आणि बादली घेऊन तुझ्या परसात शिरले, एकेका झाडाची चिंधी सोडली आणि देठ तिरका कापला. तुझ्यावर सूड म्हणून. हे आधीच सांगून टाकते. मागचंपुढचं सांगत बसले की माझा राग पातळ होतो, मग मी रडते, आणि माझं रडणं तुला कधी सहन झालं नाही.

बाराव्याला आलेल्या बायका सांगत होत्या, मथुरा म्हणजे अगदी गरीब गाय. मी खाली मान घालून ऐकत होते. या गरीब गाईने अठरा वर्षं मला शिंगावर घेतलं, ते त्यांना काय माहीत! तू कजाग होतीस, हट्टी होतीस, आणि लपवाछपवीत तुझा हात धरणारं सुकापुरात कोणी नव्हतं. तुझं कौतुक करायला मी आज बसलेले नाही.

तुझ्या घरामागे आमची इमारत उभी राहिली तेव्हा तू आम्हा सगळ्यांना मनातून शिव्या घातल्या असशील. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं स्वयंपाकघर बरोबर तुझ्या परसावर उघडायचं. मी पुण्याहून आलेली, विमा कचेरीत नोकरी करणारी, आणि लग्नाआधी तीन महिने पुष्परचनेचा वर्ग केलेली. देठ रोवून उभे करायची खिळ्यांची पितळी चकती मी माहेरून आणलेल्या मोजक्या वस्तूंतली एक. आणि खाली तुझे वाफे. गणपती गेले की लाल कोंबडा, मखमली, झिनिया. नवरात्रात गोंडा. दिवाळीला शेवंती. एवढी फुलं, आणि तू ती देवाला आणि वेणीला तेवढी तोडायचीस. मला खिडकीत उभं राहवेना. एक दिवस खाली उतरले आणि कुंपणाशी जाऊन विचारलं, "थोडी फुलं देता का? गुच्छ करते."

तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस. "गुच्छ म्हंजे जुडी ना? मेथीची करतात तशी?"

मी म्हटलं, पुष्परचना.

"तेच गो. जुडी."

पुढे अठरा वर्षं माझ्या सगळ्या कलेला तू जुडीच म्हणत राहिलीस. पाहुण्यांसमोरसुद्धा.

पहिल्या दसऱ्याची गोष्ट तुझ्या तोंडून सगळ्या गल्लीने ऐकली आहे. आता माझ्या तोंडून ऐक. तू म्हणाली होतीस, दसऱ्याला ये, हवी ती तोड. मी सकाळी आले तर तू बाजारात गेलेली. वाफ्यांत काही झाडांना निळ्या चिंध्या बांधलेल्या. सगळ्यात भरदार कोंबडा, सगळ्यात टपोरा झिनिया, नेमकी तीच झाडं. मला भरून आलं. म्हटलं, काल ओळख झालेली बाई, आणि हिने उत्तमातली उत्तम फुलं माझ्यासाठी खूण करून ठेवली! मी ती सगळी कापली, चिंध्यांसकट. चकतीवर अशी रचना केली की वर्गातल्या बाईंनी उभ्याउभ्या पहिला नंबर दिला असता. आणि दुपारी ती फुलदाणी घेऊन, हातात आपट्याची पानं धरून, सोनं द्यायला तुझ्या दारात उभी राहिले.

तू आधी फुलांकडे पाहिलंस. मग फुलांतून लोंबणाऱ्या चिंधीकडे. "बियाची फुला तोडलीस?" एवढंच म्हणालीस आणि मटकन पाटावर बसलीस.

मला काय ठाऊक! आमच्याकडे बी पाकिटातून यायचं. तुझ्याकडे काकडी असो, दुधी असो की कोंबडा असो, जे सगळ्यात चांगलं ते बियाला. त्याला चिंधी बांधायची म्हणजे घरातल्या कोणाचा चुकून हात पडू नये. आणि माझ्याकडे जे सगळ्यात चांगलं ते फुलदाणीत. यावरून आपण दर वर्षी भांडलो. मी म्हणायचे, फूल आज फुललंय तर आज बघावं. तू म्हणायचीस, "आज बगशील, आनि पुढच्या वर्साला काय बगशील? भिंत?" त्या भांडणात मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. तू मधूनच उठून गेलीस, ही तुझी जुनीच खोड.

पहिल्या वर्षीचं ते तू सहजासहजी सोडलं नाहीसच. पुढच्या जूनमध्ये मला बोलावून म्हणालीस, "हा वाफा तुजा. कोंबडा टाकलाय. आता तूच बग." मी हरखले. कचेरीला जाण्याआधी पाहणी, आल्यावर गवत काढणं. लालचुटूक रोपं अशी तरारून आली की मी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. सव्वा महिन्याने तू विळा घेऊन आलीस आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळा वाफा सपासप कापलास. लाल माठ होता तो. "अर्धा तू ने. लसूण जास्ती घाल." कुंपणाशी चार बायका तोंडाला पदर लावून आधीच उभ्या होत्या. सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

मी भाजी नेली नाही. कडेची चार झाडं उरली होती ती उपटून नेली, गवताच्या तुऱ्यांबरोबर उंच बरणीत लावली आणि कचेरीत साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, परदेशी दिसतंय काहीतरी. हे तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला, आणि मी तुझ्या पाठीवर थापट्या मारत बसले. त्या दिवसापासून मी तुला अहो-जाहो करणं सोडलं.

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे ते दिवस आठवले की मला आता संतापच येतो. कशाला एवढे चांगले दिवस दिलेस? सकाळी दव असताना कापायचं, खालची पानं ओरबाडून काढायची, देठ बुडतील इतक्या पाण्यात दोन तास मोरीत ठेवायचं. मग तुझ्या मागच्या ओट्यावर पसारा. मी कात्री, तू विळा. तू गोंडा नखाने खुडायचीस आणि मी किंचाळायचे, अगं देठ! तुझ्या शेतातल्या भाताच्या लोंब्या मधे लावायची कल्पना तुझी, पण ती मी माझी म्हणून सगळीकडे मिरवली. तू कधी बोलली नाहीस. आज कबूल करते.

कोंबड्याचं पाणी दोन दिवसांत घाण मारतं. मी त्यात साखर आणि लिंबू घालायचे, वर्गात शिकवलेलं. तू मीठ. गव्हाणला तुझ्या बापाचं मिठागर, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तुझ्याकडे मीठच. एका वर्षी आपण दोन बरण्या शेजारी ठेवून पैज लावली. आठव्या दिवशी तुझी बरणी टवटवीत आणि माझ्या फुलांनी माना टाकलेल्या. वर्षभर तू मला त्यावरून टोमणे मारलेस. मग तुझी सून प्रणाली एकदा बोलून गेली की तू रोज सकाळी तुझ्या बरणीतली फुलं बदलत होतीस. मी जाब विचारला तर म्हणालीस, "फुला बदलली गो. पाणी तर तेच होता ना?"

आणि माझी आई गेली ते वर्ष. महिनाभर मी ती खिडकी उघडली नाही. रोज सकाळी दाराबाहेर तांब्यात एक जुडी असायची, सुतळीने गच्च आवळलेली, वेडीवाकडी. तू बेल वाजवायची नाहीस. एक दिवस मी पाळतीवर राहून दार उघडलं आणि तुला पाहताच हमसून रडायला लागले. तू भिंतीला टेकून उभी राहिलीस. मी डोळे पुसल्यावर म्हणालीस, "झाला का रडून? चल मंग खाली. तण माजलाय." मी आले. संध्याकाळपर्यंत आपण तण काढत होतो आणि तू आईबद्दल एक शब्द विचारला नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आता मानते, पण त्याने यंदाचं माफ होत नाही.

यंदा गौरी गेल्या आणि तू म्हणालीस, गव्हाणला बहिणीकडे जाते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ऐन फुलांच्या दिवसांत! मी फुगले. तू गेल्यावर प्रणाली रोज संध्याकाळी डबा घेऊन रिक्षात बसायची. विचारलं तर म्हणाली, कामोठ्याला कॉम्प्युटरचा क्लास लावलाय. डबा घेऊन क्लासला कोण जातं, हे मला तेव्हा सुचलं नाही. स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईची ही गत.

नवरात्रात मी मुलीकडे पुण्याला गेले. खंडेनवमीला परतले, बॅगही न उघडता आधी खिडकी उघडली, आणि मी नसताना तू येऊन गेल्याचं तुझ्या परसावरून कळलं. एक धड झाड सोडलं नव्हतंस. प्रत्येक चांगल्या कोंबड्याला, झिनियाला, मखमलीला, नुकत्या उमलत्या गोंड्यालाही चिंधी. आणि चिंध्या कसल्या? मोरपिशी. तुझ्या साठीला मी हौसेने घेतलेली इरकल. फक्त हळदीला नि लग्नाला नेसायचीस ती. ती फाडून, पट्ट्या करून, माझ्या खिडकीसमोर वाफाभर टांगलेली.

मी फोन लावला. तू बऱ्याच वेळाने उचललास.

"साडी आवडली नव्हती तर तोंडावर फेकायची होतीस," मी म्हटलं. "फाडून माझ्या डोळ्यांसमोर टांगायची काय गरज होती?"

"घरी आयलीस का गो? जेवलीस?"

"विषय बदलू नकोस. उद्या दसरा. मी काय लावू, पानं?"

"फुला तोडू नको. बियाला ठेवलीत."

"सगळीच्या सगळी? एवढं बी कोणाला हवंय?"

मागे कोणी बाई मोठ्याने कोणाचं तरी नाव पुकारत होती. मला वाटलं, बहिणीकडे पाहुणे जमलेत, मजा चालली आहे.

"आयल्यावर सांगते," तू म्हणालीस.

"येऊच नकोस," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मला तू गेल्याचं कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर. "आपल्या शेजारच्या मथुराबाई यांचे दुःखद निधन", खाली हात जोडलेले, आणि त्याच्या लगेच खाली पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना. मी धावत खाली आले. तुझ्या अंगणात गव्हाणची बहीण बसली होती. मला पाहून उठली आणि दोन्ही गुडघ्यांवर ठणठणीत चालत माझ्याकडे आली. तेव्हा मला एकेक उलगडत गेलं. कामोठ्याचा क्लास म्हणजे कामोठ्याचा दवाखाना. पोटातलं ते दुखणं तुला होळीपासून माहीत होतं. तुझ्या लेकाला, नितेशला माहीत होतं, प्रणालीला, बहिणीला, डबा नेणाऱ्या रिक्षावाल्यालासुद्धा. अठरा वर्षं तुझ्या ओट्यावर बसलेल्या बाईला माहीत नव्हतं. मी तुझी कोण, याचं उत्तर मला तिथे सगळ्यांसमोर मिळालं, असं मला वाटलं.

पुढचे बारा दिवस मी रडले नाही. मी विचार करत होते. जिवंत माणसावर सूड घ्यायला शंभर वाटा असतात. त्याच्याशी अबोला धरता येतो, त्याच्या वाफ्यात माठ पेरता येतो. मेलेल्या माणसाचं काय करायचं? त्याने ज्याच्यात जीव ठेवलाय त्यालाच हात घालायचा. तुझा जीव कशात आहे ते मला खिडकीतून दिसत होतं. मोरपिशी चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या.

अकराव्या दिवशी प्रणाली घरी आली. "काकी, आईंच्या फोटोला बाजारातला हार नको. तुमीच लावा फुला."

मी म्हटलं, लावते.

मथुरे, रागात माझा हात फार चांगला चालतो. तुझ्या ओट्यावर तुझीच लोणच्याची मोठी बरणी घेतली. कोंबडे मागे उंच, अर्धवर्तुळात. त्यांच्यापुढे झिनिया, गडद रंग खाली आणि फिके वर. मखमलीची बटणं मधल्या फटींत. गोंडा अजून पुरता उमलला नव्हता, तोही सोडला नाही. कडेने भाताच्या लोंब्या झुकवल्या. चिंध्या गोळा करून बादलीत टाकल्या. एकेक कापताना मी तुला मोठ्याने सांगत होते, घे तुझं बी. घे. पुढच्या वर्षी इथे एक दाणा उगवणार नाही, आणि सगळं जिला सांगितलंस त्या बहिणीला आता काय द्यायचं ते दे. असा गुच्छ मी आयुष्यात केला नव्हता. वर्गातल्या बाई आज असत्या तर गप्प झाल्या असत्या. तुझ्या फोटोपुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. मला खूप बरं वाटलं, हे लिहायला मी लाजत नाही.

जेवणं उरकली. प्रणाली भांडी घेऊन मागच्या दारी गेली आणि भांडी तशीच हातात घेऊन परत आली.

"काकी, सगली कापलीत?"

"हो."

"चिंधीवालीपण?"

"तीच कापली."

तिने भांडी खाली ठेवली. "पण ती तुमचीच होती."

मला काही कळेना. मग तिने मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. तुला लिहिता येत नव्हतं हे मला माहीत होतं. पण अठरा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की मग तू कुठलं बी कोणाचं हे कसं ओळखत असशील. ज्याला बी द्यायचं त्याने दिलेल्या साडीची चिंधी. मावशीला द्यायचं तर मावशीने दिलेली निळी साडी. पुडीलाही तीच चिंधी गुंडाळायची. म्हणजे पहिल्या दसऱ्याला मी कापलं ते तुझ्या बहिणीचं बी होतं. आणि यंदा अख्खं परस माझ्या नावाने बांधलेलं होतं.

"दिवाली झाली की घर पाडनार," प्रणाली म्हणाली. "बिल्डरला दिलाय. आईंनी वैशाखात अंगठा दिला. परस जाईल म्हनाल्या, बी तरी काकीकडे जाऊ दे, तिला गॅलरी हाय. नवरात्रात चार दिवस घरी आनलेला ना त्यांना, तवा बांधल्या. उभा राहवत नव्हता. मी खुर्ची सरकवत होते, एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे."

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "काहीच का नाही सांगितलं?"

प्रणालीने मान खाली घातली. "सांगू नको, तसाच बोलल्या त्या. बोलल्या, ती रडल. ती रडल आनि मंग मलाच तिला समजवावा लागल. माज्यात आता तेवडा दम नाय."

मी फोटोकडे वळले. फोटोपुढचा पाट रिकामा होता.

नितेश अंगणाबाहेर स्कूटर चालू करत होता. पुढे पिशवी अडकवलेली, हारांनी भरलेली, आणि तिच्या तोंडातून माझ्या गुच्छाचे लाल तुरे बाहेर आलेले. निर्माल्य नदीत सोडायला निघाला होता. मी अनवाणी धावले. साठी उलटलेली बाई अंगणातून धावताना बघून सगळे उठून उभे राहिले.

"काकी, निर्माल्य हाय ते," नितेश म्हणाला. "घरात नाय नेत."

तुझा चुलतदीर पुढे झाला. "मयताच्या फोटोवरची फुला परत नेतात का बाई कदी?"

"मी नेते," मी म्हटलं. "माझ्या नावाची आहेत." आणि पिशवीत हात घालून सगळी ओढून काढली. कुणी अडवलं नाही. अशा अवतारातल्या बाईला कोण अडवणार? दोन मजले चढून आले, दार लावलं आणि गॅलरीतल्या दोरीवर एकेक फूल उलटं टांगलं. आमच्या ह्यांनी दोरीवरचे कपडे काढून घेतले आणि दुसरी दोरी बांधून दिली. मग मात्र मी रडले. तू म्हणाली होतीस तशीच, कुणीतरी समजवावं लागेल अशी.

तू बरोबर ओळखलं होतंस, मथुरे. मला कळलं असतं तर मी रोज कामोठ्याला आले असते, तुझ्या खाटेशी बसून रडले असते, आणि तू अर्धमेली माझ्या पाठीवर हात फिरवत बसली असतीस. पण मला तेवढा तरी हक्क होता. फोनवर "येऊच नकोस" म्हणून गेले, ते आता कुठे फेडू? त्या एका वाक्यासकट मला जगायला लावलंस, याबद्दल मी तुला माफ करणार नाही. हा राग मी जपून ठेवणार आहे. तो सोडला तर तुझ्याशी बोलायला दुसरं निमित्त काय राहील?

दिवाळीत आमच्या गॅलरीत कंदील लावला नाही, फुलंच होती. फुलं टांगल्यावर तीन दिवसांनी प्रणाली आली. आम्ही दोघींनी जमिनीवर जुनी चादर अंथरून फुलं चोळली. झिनियाचं बी पोचट, हातात नुसता भुसा. मखमलीतून कापूस निघाला. गोंड्याचं तर विचारूच नकोस. अजून पंधरा दिवस झाडावर राहायला हवी होती, प्रणाली म्हणाली, आणि मग मला वाईट वाटेल म्हणून चादरीवरचा भुसा झटकायला लागली. कोंबड्याच्या तुऱ्याखालून मात्र थोडे काळे, चकचकीत दाणे गळले. मोहरीहून बारीक. सगळे मिळून चिमूटभर. त्यातले निम्मे मी तिला दिले. थोडे पुडीत ठेवले. आणि उरलेले ओल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवले, त्यांच्यात जीव आहे की मी तोही कापलाय हे बघायला. रोज सकाळी फडक्यावर पाणी शिंपडत होते आणि उघडायला घाबरत होते.

बाराव्याला आज नऊ दिवस झाले. तुझ्या घराभोवती काल पत्रे ठोकून झाले. आता खिडकीतून वाफे दिसत नाहीत, निळे पत्रे दिसतात. सकाळी तिकडे पाठ करून फडकं उघडलं. पाच दाण्यांना पांढरे धागे फुटलेत. चष्मा पुसून पुन्हा मोजले. पाचच.

आपण सूड घेतला म्हणतो, तसा सूड उगवला असंही म्हणतो. इतकी वर्षं बोलताना मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आज ते पाच धागे बघताना वाटलं. तुझ्यावर उगवायचा म्हणून जो घेतला होता, तो हा असा उगवला. आता याचं काय करायचं, ते तुला विचारायचं आहे.

म्हणजे, तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. कार्तिक लागलाय. कोंबडा पावसाआधी पेरायचा. खालून हात कमरेवर ठेवून ओरडली असतीस, "आता कुटं लावतेस गो? थंडीत धरनार नाय. जूनपरत थांब." आणि बरोबरच सांगितलं असतंस. पण मी थांबणार नाही. कुंडीत माती भरून ठेवली आहे, दुपारची उन्हं उतरली की लावते. ऐकलं असतं तुझं. पण सांगायला तू इथे हवी होतीस.